आमच्या शाळेचा संगणक का तापत होता?



आमच्या शाळेचा संगणक मध्यंतरी सारखा बंद पडत होता, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. आता तो नीट चालतो. तो कशाने बिघडला होता व कसा सुधारला, हे सर्वांना कळावे म्हणून गुरुजींनी मला हा लेख लिहिण्यास सांगितले. दुरुस्तीच्या वेळी टॉर्च धरण्याचे आणि वहीत आकडे टिपण्याचे काम माझ्याकडे होते. लेख लिहिण्याचे आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

हा संगणक लोकवर्गणीतून आलेला आहे. कोणी डाळिंबाच्या पट्टीतून पैसे दिले, कोणी बकरे विकून दिले, कोणी मजुरीतले दिले. त्यामुळे तो बंद पडला तेव्हा सगळ्यांनाच वाईट वाटले. पाहणाऱ्या एका कारागिराने खोके न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार खर्च येईल." एवढे पैसे शाळेजवळ नव्हते. मग 'संगणक बिघडवला कोणी?' अशी चर्चा सुरू झाली आणि आमच्याच वर्गातील एका मुलावर आळ आला. त्याने मधल्या सुट्टीत संगणकावर मोटारीचा गेम खेळला होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, पोरानं मोडलं आसंल तर म्या थोडंथोडं करून भरून देते. पर त्येला शाळंत कुणी काय बोलू नगा." गुरुजी म्हणाले, "ताई, तुम्ही बसा आधी. काय मोडलंय तेच अजून आम्हांला कळलेलं नाही." त्याच दिवशी गुरुजींनी माझ्या चुलतभावाला बोलावले. दादा आयटीआय शिकलेला आहे. येताना तो पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश आणि टॉर्च घेऊन आला.

लक्षणे कोणती होती?

दादाने आल्या आल्या खोके उघडले नाही. डॉक्टर आधी 'काय होतंय?' असे विचारतात, तसे त्याने आम्हांला विचारले. आम्ही सांगितलेली लक्षणे अशी :

१) सकाळी संगणक बराच वेळ चालतो. दुपारी पंधरा-वीस मिनिटांतच बंद पडतो.
२) बंद पडण्याआधी आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंगावतो.
३) बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर आणखी लवकर बंद पडतो. तासभर निवू दिला तर पुन्हा थोडा वेळ चालतो.
४) खोक्याला हात लावला तर चांगलेच गरम लागते.

दादा म्हणाला, "मोडलेली वस्तू सकाळ-दुपार बघत नाही. थंडपणी चालतंय आणि उन्हात पडतंय, म्हणजे हे मोडलं नसंल. तापत असंल. पण आपण नुसतं म्हणून भागायचं नाही. एकेक शंका घ्यायची आणि खोडून काढायची."

संगणक तापतो म्हणजे काय होते?

आपण ज्या उभ्या खोक्याला सीपीयू म्हणतो, त्याचे खरे नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे त्या खोक्यातील प्रोसेसर, संगणकाचा मेंदू. त्याचा मुख्य तुकडा नखाएवढा असतो. आमच्यासारख्या साध्या संगणकाचा प्रोसेसर भरात असताना साधारण ६५ वॅट वीज घेतो. ही वीज जाते कोठे? जवळजवळ सगळीच उष्णतेत बदलते.

आता जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब आठवा. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला घरी तो लावतात. पेटलेल्या बल्बला हात लावता येत नाही. तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेत तयार झाली तर काय होईल? म्हणून प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याला हीटसिंक म्हणतात. त्यावर पंखा असतो.

पाती कशाला? गरम चहा कपात लवकर निवत नाही, बशीत ओतला की निवतो. बशीत तो पसरतो आणि त्याला जास्त हवा लागते. हीटसिंकची पाती म्हणजे एकावर एक लावलेल्या बशाच समजा. प्रोसेसरची उष्णता पात्यांत पसरते, पंखा त्यांवर हवा सोडतो आणि कॅबिनेटच्या मागचा पंखा ती गरम हवा बाहेर टाकतो.

ही वाट कोठेही अडली तर उष्णता आत साठते. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की जळू नयेत म्हणून आधी आपला वेग कमी करतात. तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक आपोआप बंद होतो. म्हणजे आपला संगणक बंद पडत होता तो स्वतःचा जीव वाचवण्यासाठी. आम्ही मात्र तो पुन्हा पुन्हा सुरू करत होतो.

पहिली शंका : वीज

आपल्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो, म्हणून आधी विजेवर संशय घेतला. त्याच बोर्डावर वर्गाची ट्यूबलाईट आहे. संगणक बंद पडला तेव्हा ट्यूब लुकलुकलीसुद्धा नाही. मग वायर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिली. तरी संगणक बंद पडलाच. वीज सुटली.

दुसरी शंका : गेम किंवा व्हायरस

ही शंका सगळ्यांत महत्त्वाची होती, कारण आळ त्यावरच होता. जड गेम चालवला किंवा व्हायरस शिरला तर प्रोसेसरला सतत काम पडते व तो जास्त तापतो, हे खरे आहे. ते येथे लागू आहे की नाही, हे दादाने असे तपासले.

संगणक सुरू होताच एक बटण दाबत राहिले की बायोस नावाचा पडदा उघडतो. आमच्या संगणकावर हे बटण डिलीटचे आहे, इतरांवर वेगळे असू शकते. बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याच्या आधीची पायरी. तेथे गेम नसतो, चित्र नसते, फाईल नसते. त्यात हार्डवेअर मॉनिटर म्हणून एक पान असते व त्यावर प्रोसेसरचे तापमान दिसते. दादाने बजावले होते, "बघायचं फक्त. काही बदलायचं नाही."

वर्गात विज्ञानाच्या पेटीतील तापमापी लावली होती. ती ३६ अंश दाखवत होती. मी वहीत पुढील आकडे लिहिले :

सुरू करताना – ४८ अंश
५ मिनिटांनी – ६७ अंश
१० मिनिटांनी – ८४ अंश
१३ मिनिटांनी – ९६ अंश, आणि थोड्याच वेळात पडदा काळा.

म्हणजे कोणताही गेम चालू नसताना, विंडोजसुद्धा उघडलेले नसताना संगणक तापून बंद पडला! वर्गात सगळे गप्प झाले. गुरुजींनी त्या मुलाला पुढे बोलावले आणि त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देऊन म्हणाले, "चल, झाकणाचे स्क्रू तू काढ."

तिसरी शंका : पंखा

पंखा बंद असेल तर संगणक तापणारच. पण आमचा पंखा तर मोठ्याने फिरत होता. मग दादाने वहीच्या कागदाची एक पातळ पट्टी कापली आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीसमोर धरली. गरम हवा बाहेर येत असती तर पट्टी फडफडली असती. ती जेमतेम हलली. पंखा फिरतो पण हवा जात नाही, म्हणजे वाट तुंबली आहे. ही परीक्षा कोणालाही करता येईल. पट्टी जाळीच्या आत मात्र जाऊ देऊ नये.

झाकण उघडल्यावर

आधी संगणक बंद केला, पिन सॉकेटमधून काढली आणि थोडा वेळ थांबलो. दादाने कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आपल्या अंगावर घर्षणाने थोडी वीज साठते, हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज होतो तीच. ती आतल्या नाजूक भागांना मारक ठरू शकते. लोखंडाला हात लावला की ती निघून जाते.

झाकण काढले आणि आम्ही बघतच राहिलो. हीटसिंकच्या पात्यांत मातीचा व खडूच्या पुडीचा जाड थर होता. वरून दाबलेल्या लोकरीसारखा दिसत होता. एका मुलाने विचारले, "दादा, ह्यात घोंगडं कुणी घातलं?"

सगळे हसले, पण दादा म्हणाला की तो बरोबर बोलला. घोंगडे स्वतः गरम नसते. लोकरीत हवा अडकून राहते व ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. धुळीच्या थरातही तशीच हवा अडकते. आम्ही संगणकाला ऐन उन्हात घोंगडे पांघरले होते!

ही धूळ आली कोठून? आपला माणदेश कोरडा. वारा सुटला की फुफाटा उडतो. शिवाय संगणक फळ्याच्या शेजारी, त्यामुळे खडूची पूड त्यावरच. आम्ही वर्ग झाडतो तेव्हा संगणकावर काही टाकत नव्हतो. आणि तास संपला की उलटे करत होतो : संगणक चालू असतानाच त्यावर भरतकामाचे झाकण घालत होतो, शोभेसाठी.

साफसफाई कशी केली?

रंगकामाचा नवा मऊ ब्रश आणि हवा मारण्याचा छोटा ब्लोअर वापरला. कॅबिनेट ओट्यावर, मोकळ्या हवेत नेले. तोंडाला रुमाल बांधला. हवा मारताना दादाने पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले होते. पंखा हवेने वेड्यासारखा फिरला तर खराब होऊ शकतो.

एक काका म्हणाले, "माठाला कसं ओलं फडकं गुंडाळतो, तसं ह्याला गुंडाळलं तर?" माठ गार होतो तो पाणी पाझरून वाफ होताना उष्णता घेऊन जाते म्हणून. संगणकात पाणी गेले तर विजेचे मार्ग एकमेकांना जोडले जाऊन तो खरोखरच जळेल. मी फुंकणी आणते म्हणाले, तर दादा म्हणाला, "तोंडाच्या वाफेत ओल असते. नको."

साफ करून संगणक पुन्हा बायोसमध्ये लावला. दहा मिनिटांनी ७१ अंश, अर्ध्या तासाने ८३ अंश. बंद पडला नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या. पण दादाचे समाधान झाले नाही. "काहीच काम नाही, तरी ८३? एप्रिलात पुन्हा पडंल. अजून एक वाट तुंबलीय."

दुसरे कारण : वाळलेली पेस्ट

भाकरी तव्यावर टाकली की जेथे टेकते तेथेच नीट भाजते. मध्ये पोकळी राहिली तर तेवढा भाग कच्चा राहतो, कारण पोकळीत हवा असते. प्रोसेसर आणि हीटसिंक एकमेकांवर बसलेले असतात, पण दोन्ही धातू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके खडबडीत असतात. त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक पोकळ्या राहतात. त्या भरण्यासाठी थर्मल पेस्ट नावाचे मलम लावतात. काही वर्षांनी ते वाळू शकते.

आमच्या संगणकातील पेस्ट वाळून तडे गेलेल्या तळ्यासारखी झाली होती. दादाने ती सुती कापड व आयसोप्रोपिल अल्कोहोल या स्पिरिटने हळूच पुसली, पूर्ण सुकू दिली आणि मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट ठेवली. जास्त थापायची नाही. हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. मग हीटसिंकचे चारही पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने बसवले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. पेस्टची पुडी सव्वाशे रुपयांना आली. एकूण खर्च तेवढाच.

शेवटची नोंद : अर्ध्या तासाने ५८ अंश.

हा आकडा कसा वाचावा?

येथे गणित उपयोगी पडते. पंख्याने संगणक खोलीपेक्षा गार करता येत नाही, कारण पंखा खोलीतीलच हवा आत घेतो. म्हणून संगणकाच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे. पूर्वी ९६ वजा ३६ म्हणजे ६० अंश फरक होता. आता ५८ वजा ३६ म्हणजे २२ अंश. उन्हाळ्यात वर्गात ४१ अंश झाले तरी तेच काम करताना संगणक ६३ च्या आसपास राहील. पूर्वीच्या फरकाने तो १०१ झाला असता.

याच हिशेबाने जागाही बदलली. पूर्वी तो पश्चिमेच्या खिडकीखाली भिंतीला चिकटून होता. आता उत्तरेच्या भिंतीपासून वीतभर लांब आहे, फळ्यापासून दूर आहे आणि जमिनीवर नाही, टेबलावर आहे.

मोठ्या संगणकांचीही हीच अडचण

मला वाटले होते की आमच्याच जुन्या संगणकाला हा त्रास. गुरुजींनी सांगितले की संगणक जन्मल्यापासून माणूस त्याची उष्णता बाहेर काढत आला आहे. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या, जुन्या रेडिओत असत तशा. त्याला साधारण १५० किलोवॅट वीज लागे, म्हणजे आपल्या पिवळ्या बल्बांसारखे अडीच हजार बल्ब! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नळ्यांचाच होता. पुढे नळ्या जाऊन बारीक चिप आल्या, पण उष्णता गेली नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्याच मालिकेतील परम ब्रह्म हा महासंगणक २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत बसवला, तेव्हा तो थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवण्याची व्यवस्था केली. तेथे द्रव बंद नळ्यांतून फिरतो. आपण ओले फडके गुंडाळायचे नाही, ते नाहीच!

लक्षात ठेवावे असे

१) वाऱ्याची भोके कधीही झाकू नयेत. झाकण घालायचे ते संगणक बंद करून, निवल्यावर.
२) वर्ग झाडताना संगणक बंद असावा व त्यावर कापड असावे. आधी थोडे पाणी शिंपडून झाडावे, पण संगणकापासून दूर.
३) दर तीन महिन्यांनी मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली धूळ काढावी.
४) तापून बंद पडला तर लगेच सुरू करू नये.
५) कॅबिनेटमध्ये जेथे विजेची वायर येते ती लोखंडी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. ती कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते व जोराचा धक्का बसू शकतो.
६) मुलांनी एकट्याने झाकण उघडू नये.

आता लेख लिहिण्याचे दुसरे कारण. त्या मुलाने गेम खेळला, हे गुरुजींना सांगणारी मीच होते. खेळताना मी पाहिले होते, ते खरेच होते. पण 'त्यानेच बिघडवला' हेही मी म्हणाले, आणि ते मी पाहिलेले नव्हते. त्यामुळे त्याच्या आईला आपले काम सोडून शाळेत यावे लागले. मी त्याची वर्गात माफी मागितली आहे. पण आळ सगळ्या गावात गेला होता, म्हणून माफीही सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर लिहिते आहे.

संगणकाची धूळ काढण्याचे काम आता त्याच्याकडे आहे आणि आकडे टिपण्याचे माझ्याकडे. परवा ४० अंशांच्या उन्हात सहावीचा पूर्ण तास झाला. संगणक एकदाही बंद पडला नाही. पालकांनी आत येऊन जरूर पाहावा. तो चालू असताना भरतकामाचे झाकण घालू नका म्हणजे झाले.

चूकभूल द्यावी घ्यावी.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी